फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर काय शिकावं?

तुम्ही विचारलंय, ‘बारावी झाली, आता आरोपी खोटं बोलतोय की खरं हे ओळखायचं शास्त्र कुठे शिकवतात?’ एवढ्यासाठीच यायचं असेल तर या क्षेत्रात, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामातल्या मानसशास्त्रात, येऊ नका. नार्को, पॉलिग्राफ, ब्रेन मॅपिंग या खरं-खोटं शोधायच्या चाचण्या त्या माणसाच्या संमतीशिवाय करता येत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने 2010 मध्येच सेल्वी खटल्यात सांगितलंय.

माझं काम मुलांमधलं. 16 ते 18 वयाच्या मुलावर किमान सात वर्षं शिक्षेच्या गुन्ह्याचा आरोप असला, की 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 15 खाली प्राथमिक मूल्यांकन होतं. त्याने गुन्हा केला का, हे आपण ठरवायचं नसतं. गुन्हा करण्याची क्षमता होती का, परिणाम कळत होते का, परिस्थिती काय होती, एवढंच पाहायचं. त्यावरून बाल न्याय मंडळ (अशा मुलांच्या केसेस पाहणारं) ठरवतं, खटला मोठ्या माणसासारखा चालवायचा का.

नवीन असताना अशीच एका 17 वर्षांच्या मुलाची केस आली. माझे वरिष्ठ सर म्हणाले, “अर्धा तास पुरे. समजतंय ना त्याला? लिहून टाक.” मुलगा शर्टाच्या बटणाचा दोरा ओढत बसलेला. काहीही विचारा, “हो मॅडम.” परिणामांची जाणीव होती का? “हो मॅडम.” सरांच्या हिशेबाने काम झालं होतं.

मला काही ते पटेना. दुसऱ्या दिवशी वही मिटून विचारलं, परिणाम म्हणजे काय रे? म्हणाला, “रिझल्ट. नौवीं में फेल हुआ था.” घरी हिंदी बोलणारं पोर! आदल्या दिवशीचा त्याचा ‘हो’ शाळेच्या निकालाबद्दल होता. मग मी चार बैठका घेतल्या, सगळं त्याच्या भाषेत पुन्हा विचारलं. अहवाल लांबला म्हणून बोलणी खाल्ली.

शिक्षणाचं म्हणाल तर आधी मानसशास्त्रात पदवी घ्या. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात या विषयात पुढचं शिक्षण मिळतं. क्लिनिकल काम करायचं तर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागतेच. प्रयोगशाळेतल्या नोकऱ्यांबद्दल मी बोलणार नाही, तो माझा प्रांत नाही. आणि हो, वरच्या केसमधले ओळख पटेल असे तपशील बदललेत, निकालही सांगणार नाही.

हिंदी मात्र पक्की करा, जमलं तर आणखी एखादी भाषाही. सर अजूनही भेटले की म्हणतात, एका शब्दापायी चार दिवस घालवलेस. घालवले. त्याच शब्दावर मी सही करणार होते.