पिल्लाची हाडं कवचातून येतात

भाऊ, कोंबडीची पिल्लं पायांनी अधू निघाली म्हणून लगेच अंडी उबवायच्या मशीनला दोष देऊ नका. कारणं बरीच असतात, पण आधी अंड्याचं कवच बघा. कवच म्हणजे नुसतं झाकण नव्हे. पहिले दहा-बारा दिवस गर्भ बलकातलं कॅल्शियम वापरतो. मग हाडं भराभर घट्ट व्हायला लागतात आणि कवच आतून विरघळून रक्तात जातं. पिल्लाच्या अंगातलं जवळपास ८० टक्के कॅल्शियम कवचातून आलेलं असतं. पिल्लू बाहेर आल्यावर टरफल बोटांत चुरून बघा, ताज्या अंड्यापेक्षा किती ठिसूळ लागतं ते!

म्हणून खरं काम कोंबडीच्या खाद्यात आहे. अंडी देणाऱ्या कोंबडीला साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम लागतं, सोबत ड३ जीवनसत्त्व आणि फॉस्फरस. कवच बहुतेक रात्री तयार होतं, त्यामुळे शिंपल्याचा जाडसर चुरा संध्याकाळी ठेवा. बारीक पूड पोटात लवकर विरघळते, रात्रभर पुरत नाही. वाढत्या तलंगांना, म्हणजे अजून अंडी न देणाऱ्या कोवळ्या कोंबड्यांना, मात्र हे खाद्य अजिबात नको, मूत्रपिंडं खराब होतात. उन्हाळ्यात कोंबड्या धापा टाकतात तेव्हा कवच पातळ पडतंच; सावली आणि गार पाणी द्या.

उबवायला ठेवण्याआधी अंधारात प्रत्येक अंड्याला मोबाइलचा टॉर्च लावा. केसासारखी उजळ रेघ, म्हणजे तडा, दिसली की ते अंडं बाजूला. माझी एक अख्खी खेप या आळसात गेली. आणि हो, अठराव्या दिवसापर्यंत अंडी फिरवायची चुकवू नका; कवचाखालचं रक्तवाहिन्यांचं जाळं नीट पसरलं तरच ते कॅल्शियम आत पोचतं.