कंबरेच्या मणक्यांचा संधिवात: चालणे थांबवावे का?

आपण विचारले आहे की, वय ५४ असताना एक्स-रेमध्ये कंबरेच्या मणक्यांचा संधिवात दिसला, तर पट्टा बांधून पूर्ण विश्रांती घ्यावी की चालत राहावे. मी पुण्यातील एका शाळेत शिक्षिका होते आणि ५२व्या वर्षी माझ्याही हातात असाच अहवाल आला होता. म्हणून आधी सरळ उत्तर देते: चालणे थांबवू नका. मी थांबवले होते. तीन आठवडे अंथरुणात काढल्यावर दुखणे गेले नाहीच, उलट खुर्चीतून उठतानाही भिंतीचा आधार लागू लागला.

‘मणक्यात गॅप आला’, ‘हाड वाढले’ असे आपल्याकडे म्हणतात आणि ते ऐकून माणूस धास्तावतो. कंबरेत पाच मणके असतात. दोन मणक्यांमध्ये पुढच्या बाजूला गादी असते आणि मागे डावा व उजवा असे दोन लहान सांधे असतात. गुडघ्याप्रमाणेच त्यांच्यावरही गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. वयानुसार गादीतील पाणी कमी होऊन तिची उंची घटते, तेव्हा मागच्या सांध्यांवरचा भार वाढतो, कूर्चा झिजते आणि कडांना हाड वाढते. कधीही कंबर न दुखलेल्या अनेकांच्या एक्स-रेमध्येही हे बदल आढळतात. म्हणजे चित्रातील झीज आणि प्रत्यक्षातील वेदना यांचे प्रमाण जुळेलच असे नाही, आणि एवढी एक गोष्ट मला पहिल्याच दिवशी कोणी सांगितली असती, तर कितीतरी रात्री मी शांत झोपले असते.

हे सांधे मागे झुकल्यावर आणि बराच वेळ ताठ उभे राहिल्यावर अधिक दाबले जातात, तर थोडे पुढे वाकल्यावर किंवा बसल्यावर मोकळे होतात. फळ्याच्या वरच्या भागात हात उंचावून लिहिताना मला कळ का येत असे, आणि तळजाईची टेकडी चढताना बरे वाटून उतरताना त्रास का होत असे, याचा उलगडा फिजिओथेरपिस्ट बाईंनी हे समजावल्यावर झाला. गादीच्या दुखण्यात पुष्कळदा याच्या उलट असते. त्यामुळे आपली कंबर केव्हा आणि कोणत्या हालचालीने दुखते, हे आठवडाभर वहीत लिहून ठेवा व ती वही तपासणीला न्या. व्यायाम ठरवताना ती फार उपयोगी पडते.

मी उतार टाळून सारसबागेत सपाट वाटेवर रोज दहा मिनिटांपासून सुरुवात केली आणि दर आठवड्याला थोडी भर घातली. उताणे झोपून गुडघे छातीशी घेणे, पोटाचे व नितंबांचे स्नायू बळकट करणे, हे व्यायाम आजही चालू आहेत. स्वयंपाकाच्या ओट्याशी उभे राहताना एक पाय आलटून पालटून पाटावर ठेवते; एवढ्यानेही कंबरेचा बाक कमी होऊन आराम पडतो. सकाळी शेक घेते. वेदनाशामक गोळ्या मात्र मनाने घेऊ नयेत, कारण त्यांतील अनेक गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडांना बाधू शकतात. पट्ट्याविषयी म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत पट्ट्याचा सरसकट वापर करू नये असेच म्हटले आहे.

झिजलेली कूर्चा पूर्ववत होत नाही, पण त्रास वर्षानुवर्षे वाढतच जातो असेही नाही. गेल्या नऊ वर्षांत माझ्या डॉक्टरांना दुसऱ्या एक्स-रेची गरज वाटलेली नाही.

एक फरक अवश्य ओळखावा. सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल, दुखण्याने पहाटे जाग येत असेल आणि हा त्रास चाळिशीच्या आतच सुरू झाला असेल, तर तो दाहामुळे होणारा वेगळा संधिवात असू शकतो. त्यासाठी संधिवाततज्ज्ञांना दाखवावे. ताप, कारण नसताना घटणारे वजन किंवा पडल्यानंतर उठलेली तीव्र कळ असल्यास तपासणी लांबवू नये. आणि लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पायातील ताकद जाऊ लागली, तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.