पडलेल्या झाडाच्या फळ्या: सुरुवातीला एवढंच सांभाळा

ठाण्यातल्या सोसायटीत वादळात पडलेल्या पर्जन्यवृक्षाच्या (रेन ट्री) लाकडाचं टेबल करायचा विचार असेल, तर उत्तम. पण उद्याच करवत हातात घेऊ नका. आडव्या पडलेल्या खोडात ताण असतो, कापताना ते उसळतं. तोडणी जाणत्यांकडूनच करून घ्या.

त्याआधी कागद. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे ठाणे महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला विचारूनच ओंडका हलवा. परवानगी लेखी घ्या, तोंडी ‘चालेल’वर जाऊ नका.

मग:

- ओंडक्याची टोकं लगेच ऑइल पेंटने जाड लिंपा. ओल तिथूनच वेगाने जाते आणि चिरा पडतात.
- मेटल डिटेक्टर फिरवा. शहरातल्या झाडात खिळे, तारा, रोषणाईचे हुक असतातच. सॉ मिलवाल्याचं पातं तुटलं तर पुढचा ओंडका तो घेणार नाही, आणि बरोबरच आहे त्याचं.
- फळ्या दोन इंची काढा, जाडीत थोडी घट धरून.

नवशिके घाई करतात ती वाळवण्यात. ढोबळ हिशेब जाडीच्या दर इंचाला एक वर्ष, आणि आपल्या खाडीकाठच्या पावसाळ्यात त्याहून जास्तच. सावलीत, जमिनीपासून वर रचा. मध्ये दीड-दोन फुटांवर सारख्या जाडीच्या पट्ट्या, त्याही एकाखाली एक सरळ रेषेत, नाहीतर फळी वाकते. वर वजन. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, बुरशी येते. बाहेरच्या फिकट लाकडाला भुंगा लागतो, त्याला बोरॅक्स-बोरिकचं पाणी द्या.

किल्न (लाकूड वाळवायची भट्टी), इपॉक्सी (चिरा भरायचं रेझिन) नंतर बघू. आधी एक पाट करा.