थ्रिफ्ट स्टोअरमध्ये जुने व्हिडिओ गेम्स शोधताना मला काहीच का सापडत नाही?

तुमचा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले, कारण अगदी हेच माझं पहिलं दीड वर्ष होत होतं. तुम्ही लिहिलंय की चार महिने दर शनिवारी थ्रिफ्ट स्टोअरमध्ये (लोकांनी देऊन टाकलेल्या जुन्या वस्तू विकणारं दुकान) जाताय, गेम्सच्या शेल्फवर तेच ते जुन्या सीझनचे फुटबॉलचे गेम आणि नाचायची मॅट, बाकीच्यांना घबाड लागतं आणि तुम्ही हात हलवत परत येता, शिवाय एक निन्टेंडो ६४ (टीव्हीला जोडून गेम खेळायचा जुना कन्सोल, थोडक्यात एन६४) घेतलात तर त्याचा लाल लाईट लागतो पण टीव्हीवर काहीच येत नाही. एन६४चं शेवटी सांगते, तो तेवढा आत्ताच परत करू नका.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही गेम्सच्या शेल्फवर शोधताय. ते शेल्फ बघा, पण सगळ्यात शेवटी बघा. तिथे गेम आहेत हे सगळ्यांनाच माहिती असतं, त्यामुळे दुकान उघडल्यावर पाच मिनिटांत ते चाळून झालेलं असतं. तिथे उरतात ते स्पोर्ट्सचे गेम, कारण ते दरवर्षी नव्याने निघायचे आणि लाखांनी खपायचे, नवीन आला की जुना कोणालाच नको. आता मागच्या खोलीत काय होतं त्याचा विचार करा. माल येतो तो लोकांनी देऊन टाकलेल्या खोक्यांमधून, कोणी घर बदललं, कोणाची मुलं मोठी झाली, आणि जी व्यक्ती ते खोकं उपसते तिच्यापुढे अजून ढीगभर खोकी पडलेली असतात. ती गेम ओळखत नाही, ती आकार ओळखते. गोल डिस्क दिसली की सीडी-डीव्हीडीत, पुठ्ठ्याचा मोठा बॉक्स दिसला की बोर्ड गेम्समध्ये, पातळ पुस्तिका दिसली की पुस्तकांत, प्लास्टिकचा छोटा चौकोन दिसला की खेळण्यांत. हे एकदा डोक्यात बसलं की तुम्ही दुकानात वेगळ्याच क्रमाने फिरायला लागता.

मी सगळ्यात आधी सिनेमांच्या डीव्हीडींकडे जाते. प्लेस्टेशन २ चा गेम आणि सिनेमाची डीव्हीडी यांची केस बाहेरून जवळपास सारखीच असते, रांगेत उभी लावली की कडेवरची पट्टी वाचल्याशिवाय कळत नाही, म्हणून मान वाकडी करून प्रत्येक पट्टी वाचायची, कंटाळा येतो पण त्याला इलाज नाही. मग गाण्यांच्या सीडी, कारण पहिल्या प्लेस्टेशनचे आणि सेगाच्या ड्रीमकास्ट कन्सोलचे गेम सीडीसारख्याच डब्यांत यायचे. निन्टेंडोच्या गेमक्यूब कन्सोलच्या डिस्क फक्त ८ सेंमीच्या असतात, त्या सुट्ट्या कुठेही पडलेल्या मिळतात. नव्वदच्या दशकातले कॉम्प्युटर गेम मोठाल्या पुठ्ठ्याच्या बॉक्समध्ये विकले जायचे, ते पुस्तकांत किंवा बोर्ड गेम्सच्या ढिगाखाली सापडतात, आणि त्यातली पुस्तिका आहे ना बघा, त्या काळातल्या कितीतरी गेम्समध्ये कॉपी रोखायला 'अमुक पानावरचा शब्द टाका' असं विचारायचे, पुस्तिका नसली की गेम तिथेच अडतो. मग वायरींचं खोकं, त्यात कंट्रोलर, मेमरी कार्ड, अडॅप्टर. आणि खेळण्यांच्या त्या सीलबंद प्लास्टिकच्या पिशव्या, ज्यात बाहुलीचा हात, रंगीत ठोकळे, दोन मोटारी असं सगळं एकत्र कोंबलेलं असतं, त्या मी कधीच सोडत नाही.

त्याचं कारण सांगते. अशाच एका पिशवीत, प्लास्टिकच्या डायनासोरांच्या मध्ये, मला निळा चौकोन दिसला, लेबल बाहेरच्या बाजूला पण नव्हतं, फक्त मागची निळी पाठ आणि त्यावरचा एक स्क्रू. गेमबॉयची, म्हणजे निन्टेंडोच्या हातात धरून खेळायच्या मशीनची, कॅसेट (कार्ट्रिज म्हणतात, पण मी लहानपणापासून कॅसेटच म्हणते). पिशवी घेतली, बाहेर येऊन फोडली तर पोकेमॉन ब्लू. माझ्याकडे कायम गेमबॉय अ‍ॅडव्हान्स एसपी असतो, घडी करून खिशात मावतो, त्यात लावली, चालू केला आणि 'कंटिन्यू' आलं. म्हणजे आतला सेल अजून जिवंत होता! या कॅसेटमध्ये तुमचा खेळ जपून ठेवायला आत एक बटणासारखा सेल झाळलेला (सोल्डर केलेला) असतो, तो संपला की सेव्ह गेलं, आणि हा गेम अमेरिकेत १९९८ साली आला, म्हणजे तुम्हीच हिशोब करा. आठ बॅज, ११२ तास, आणि लेव्हल ७१चा एक पिजॉट (गेममधला पक्षी), ज्याला कोणीतरी प्रेमाने नाव ठेवलं होतं. कोणाच्या तरी लहानपणाचे ११२ तास माझ्या हातात होते, आणि मी गाडीत बसून दहा मिनिटं नुसती बघत होते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण घाईत लोक नेमकं हेच घालवून बसतात. सेल बदलायला काढला की सेव्ह त्याच क्षणी पुसलं जातं. म्हणून मी आधी यूएसबीला लागणारा कार्ट्रिज रीडर आणला, सेव्हची फाईल कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, मग कॅसेट उघडून नवीन सेल झाळला आणि तीच फाईल परत आत लिहिली. पिजॉट आहे अजून. सेल कोणता लागतो ते कॅसेट उघडून, जुन्यावर छापलेलं वाचूनच घ्या, आणि आधीच पत्र्याच्या पट्ट्या जोडलेला घ्या, टेपने चिकटवलेला सेल हलला की सगळं गेलं. पोकेमॉन गोल्ड, सिल्व्हरमध्ये तर घड्याळही त्याच सेलवर चालतं, त्यामुळे त्या लवकर मरतात, आज मिळाली तर सेव्ह नसणार असंच धरून चाला. या कॅसेटचा स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने निघत नाही, ३.८ मिलिमीटरचा गेमबिट लागतो, निन्टेंडोच्या बहुतेक जुन्या कॅसेटना हाच चालतो. निन्टेंडोचे काही जुने कन्सोल उघडायला ४.५चा.

एसपीच का, तर तो साध्या गेमबॉयच्या, कलरच्या आणि अ‍ॅडव्हान्सच्या अशा तिन्ही कॅसेट चालवतो. निन्टेंडोचंच नंतरचं खिशातलं मशीन, डीएस लाईट, पण बरेच जण नेतात, पण या तिन्हींपैकी त्यात फक्त अ‍ॅडव्हान्सच्याच चालतात. दुकानात सुटी कॅसेट मिळाली तर काउंटरवर विचारून तिथेच लावून बघा, मला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

आता नकली माल. यात मी एकदा चांगलीच फसले. एका विक्रेत्याकडून (दुकान नव्हे, रस्त्यावरचा सेकंडहँड बाजार होता) पोकेमॉन एमराल्ड घेतली, वीसेक तास खेळले, एक दिवस चालू केली तर सेव्ह गायब. तेव्हापासून कानाला खडा, कॅसेट नीट बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. अ‍ॅडव्हान्सच्या कॅसेटचा उघडा तळ डोळ्यासमोर धरा, सोनेरी पिनांच्या अगदी वर आतल्या पट्टीवर बारीक अक्षरात 'निन्टेंडो' छापलेलं दिसायला हवं. मग लेबल प्रकाशात तिरकं धरा, खऱ्या लेबलवर एक दोन आकडी नंबर दाबून उमटवलेला असतो, शाई नसते त्याला, फक्त खळगा, तिरक्या उजेडातच दिसतो. नकलीवर तो सहसा नसतो, लेबल जास्त चकाकतं आणि चित्राचे रंग जरा भडक असतात. माझी ती एमराल्ड मी नंतर उघडली, आत चिपच्या जागी काळ्या डिंकाचा गोळा होता. पोकेमॉनच्या कॅसेट सगळ्यात जास्त नकली निघतात, कारण मागणी तिथेच आहे.

डिस्कच्या बाबतीत लोक खालच्या चकचकीत बाजूवरचे ओरखडे बघतात आणि घाबरतात. हलके ओरखडे पॉलिश करून जातात. सीडीवर खरी भीती वरच्या, म्हणजे लेबलच्या बाजूची, कारण माहितीचा थर लेबलच्या लगेच खाली असतो आणि वरून खरवडलं की तो थरच निघतो. डिस्क दिव्यासमोर धरा, टाचणीने टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके दिसले तर ठेवून द्या. डीव्हीडीत हा थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे ती जरा जास्त सोसते. पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्कची खालची बाजू काळी असते, तिथे चंदेरी किंवा हिरवट दिसलं तर ती घरी बर्न केलेली समजा. आणि केस उघडून बघितल्याशिवाय कधीच घेऊ नका, आत भलतीच डिस्क निघणं ही रोजची गोष्ट आहे.

कन्सोल मिळाला आणि अडॅप्टर नसला तर वायरींच्या खोक्यातला जो पिनमध्ये बसेल तो लावायचा मोह होतो, तो आवरा. एनईएसचा (निन्टेंडोचा ऐंशीच्या दशकातला कन्सोल) मूळ अडॅप्टर एसी करंट देतो, त्याच्याच जपानी आवृत्तीला, फॅमिकॉमला, डीसी लागतो, आणि पहिल्या मॉडेलच्या सेगा मेगाड्राईव्ह कन्सोलला डीसी लागतो तो सुद्धा मधली पिन निगेटिव्ह असलेला. चुकीचा लावला तर चाळीस वर्षं टिकलेलं मशीन तुमच्या हातून एका क्षणात जाईल. अडॅप्टरवर आउटपुट काय लिहिलंय ते वाचायचं, कन्सोलच्या बुडाशी काय लिहिलंय ते वाचायचं, जुळलं तरच लावायचं. प्लेस्टेशनचा वायरलेस गिटार कंट्रोलर मिळाला तर त्याचा रिसीव्हर सोबत आहे का बघा, तो नसेल तर गिटार नुसती भिंतीला टांगायची. लाईट गन (टीव्हीवर नेम धरायची खेळण्यातली बंदूक) पण तशीच, एनईएसची झॅपर जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवरच चालते.

फुंकर मारू नका. मला माहितीये सगळ्यांनी मारलीय, मी पण मारलीय, आणि गेम चालू व्हायचा तो कॅसेट काढून परत लावल्यामुळे, पिना नव्याने टेकायच्या म्हणून. तोंडातल्या वाफेने पिना गंजतात. ९० टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, इयरबडवर थोडंसं, पिनांवरून हलक्या हाताने फिरवा. पहिला इयरबड काळाकुट्ट निघेल, दुसरा राखाडी, चौथा-पाचवा पांढरा निघाला की झालं. 'मेलेल्या' म्हणून जवळपास फुकट मिळालेल्या कितीतरी कॅसेट माझ्याकडे एवढ्यानेच चालू झाल्यात, त्यामुळे लेबल फाटलंय, मळलीय म्हणून कॅसेट टाकून येऊ नका.

कोणीतरी तुम्हाला नक्की म्हणेल की एवढी धडपड कशाला, सगळं डाउनलोड होतं. २०२३ साली व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या जुने गेम जपणाऱ्या संस्थेने केलेल्या अभ्यासात असं निघालं की अमेरिकेत २०१० च्या आधी आलेल्या गेम्सपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात कुठेच अधिकृतपणे विकत मिळत नाहीत, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेंडोने ३डीएस आणि वी यू या आपल्या मशीनची ऑनलाइन दुकानं नव्या खरेदीसाठी बंद केली. म्हणजे जे गेम फक्त तिथेच होते ते आता नव्याने घेताच येत नाहीत. डायनासोरांच्या पिशवीतली कॅसेट मात्र हातात धरता येते, कोणाला देता येते. म्हणून मला ही शोधाशोध महत्त्वाची वाटते आणि तुम्ही चार महिन्यांनी वैतागून सोडू नये असं मनापासून वाटतं.

शनिवारचं म्हणाल तर शनिवारी सगळेच येतात. काउंटरवरच्या लोकांशी ओळख करा, माल शेल्फवर कधी लावतात ते सरळ विचारा, बहुतेक जण सांगतात, आणि शक्य असेल तर आठवड्यातल्या मधल्या दिवशी जा. काही मोठ्या दुकानांत चांगले कन्सोल आधीच बाजूला काढून ऑनलाइन लिलावात टाकतात, त्यामुळे चकाचक बॉक्समधलं मशीन शेल्फवर मिळेल ही आशा सोडा, पण सुटी कॅसेट त्यांच्या चाळणीतून निसटतेच.

आता तुमचा एन६४. कन्सोलच्या वरच्या बाजूला, पॉवरच्या बटणांच्या पुढे एक छोटं झाकण आहे, ते उचकटा. आत एक काळा प्लास्टिकचा तुकडा बसवलेला दिसला पाहिजे, त्याला जंपर पॅक म्हणतात. त्याच्या जागी काही जण जास्त मेमरीचा एक्सपान्शन पॅक लावायचे, डाँकी काँग ६४ आणि माजोराज मास्क हे गेम त्याच्याशिवाय चालतच नाहीत, त्यामुळे तो पॅक सुटा पण विकला जातो आणि मशीन देऊन टाकताना मालक तो काढून ठेवतात. दोन्हीपैकी काहीच नसेल तर लाल लाईट लागतो आणि स्क्रीन काळीच राहते, अगदी तुम्ही वर्णन केलंय तसं. जागा रिकामी असेल तर जंपर पॅक सुटा मिळतो, महाग नसतो. जागा भरलेली असेल तर तो पॅक काढा, त्याच्या पिना अल्कोहोलने पुसा, पक्का दाबून बसवा, कॅसेटच्या पिनाही पुसा आणि परत लावून बघा. झाकण उघडल्यावर आत काय निघालं ते खाली लिहा, मी बघते.