टॉक्सिकॉलॉजी रिपोर्ट निगेटिव्ह आला, तरी मृत्यू डिझायनर ड्रगमुळे झालेला असू शकतो का?

हो, असू शकतो. (डिझायनर ड्रग म्हणजे जुन्या ड्रगच्या रेणूत थोडा बदल करून बनवलेला नवा ड्रग.) भावाच्या खोलीत पावडरची पुडी सापडली आणि रक्तातले ड्रग आणि विषं तपासणारा टॉक्सिकॉलॉजी रिपोर्ट मात्र निगेटिव्ह आला, असं तुम्ही लिहिलंय. तुमच्या दुःखात आणखी गोंधळाची भर पडू नये, म्हणून सविस्तर लिहिते. मी अशा तपासण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. निगेटिव्ह म्हणजे जे शोधलं ते सापडलं नाही, एवढंच. काय शोधलं होतं, ते आधी विचारा.

पहिली चाळणी बहुधा इम्युनोअसेची, म्हणजे अँटिबॉडी वापरून केलेल्या झटपट चाचणीची असते. ती मॉर्फिन, कोकेन, गांजा असे ठरावीक गट ओळखते. मॉर्फिनच्या चाचणीत फेंटानिल (मॉर्फिनसारखं काम करणारं पण कितीतरी तीव्र कृत्रिम ड्रग) दिसत नाही आणि नायटाझीन (तशाच तीव्र कृत्रिम ड्रगचा आणखी एक गट) तर सहसा फेंटानिलच्या चाचणीतही दिसत नाहीत. कृत्रिम कॅनाबिनॉइड, म्हणजे गांजासारखा परिणाम करणारे प्रयोगशाळेत बनवलेले पदार्थ, गांजाच्या चाचणीतून निसटतात.

पुढची पायरी मास स्पेक्ट्रोमेट्री. यंत्र रेणूचे तुकडे करतं, त्यांचं वस्तुमान मोजतं आणि ज्ञात पदार्थांच्या साठवलेल्या लायब्ररीशी ताडून पाहतं. नवा पदार्थ लायब्ररीतच नसेल, तर आलेखावर शिखर उमटतं पण त्याला नाव मिळत नाही. अशी बिननावाची शिखरं मला फार अस्वस्थ करतात. हाय-रिझोल्यूशन, म्हणजे वस्तुमान फार अचूक मोजणाऱ्या यंत्रावर सगळा डेटा साठवलेला असेल, तर काही महिन्यांनी नव्या पदार्थाची माहिती आल्यावर तोच डेटा पुन्हा चाळता येतो, नव्याने रक्त लागत नाही. खात्रीसाठी मात्र त्या पदार्थाचा शुद्ध संदर्भ-नमुना हवाच.

नमुना कसा ठेवला, यावरही बरंच अवलंबून असतं. मेफेड्रोनसारखे कॅथिनोन (उत्तेजक ड्रगचा एक गट) रक्तात हळूहळू विघटित होतात, म्हणून नमुना फ्रीझरमध्ये हवा. फेंटानिलच्याच कुळातल्या अतितीव्र कारफेंटानिलचं रक्तातलं प्रमाण तर मिलिलिटरमागे एका नॅनोग्रॅमहूनही कमी असू शकतं, म्हणून ते चाचणीतून निसटू शकतं. शिवाय मृत्यूनंतर अवयवांतला ड्रग हृदयाजवळच्या रक्तात झिरपतो आणि आकडा फुगतो, म्हणून मांडीच्या शिरेतलं रक्त जास्त भरवशाचं.

तुमच्या बाबतीत पुडी सगळ्यात मोलाची आहे. पावडरमध्ये पदार्थ भरपूर असतो, त्यामुळे तो ओळखणं रक्तापेक्षा सोपं जातं. एकदा नाव कळलं की रक्तात नेमका तोच शोधता येतो. पुडी उघडू नका, हात लावू नका, तपास अधिकाऱ्यांना बोलावून त्यांच्या ताब्यात द्या. सोबत लेखी विचारा: कोणते पदार्थ तपासले, किमान किती प्रमाण दिसू शकत होतं, रक्त शिल्लक आहे का, ते कुठल्या तापमानात ठेवलंय. रक्त शिल्लक असेल तर फेरतपासणीची मागणी आत्ताच करा, कारण ठरलेल्या मुदतीनंतर नमुने नष्ट केले जातात.