थारला ऑनबोर्ड कंप्रेसर आणि एअर टँक बसवायचाय, टँक किती लिटरचा घ्यावा आणि कुठे बसवावा?

टँकचे लिटर राहू द्या. कंप्रेसर कोणता घेताय? प्रश्नात त्याचा पत्ताच नाही, आणि हीच चूक मी चार वर्षांपूर्वी मेहुण्याचं ऐकून केलीय.

माझी जुनी एमएम ५४०, महिंद्राची जीप. मेहुण्याचं वेल्डिंगचं दुकान. तो म्हणे, "दाजी, कंप्रेसर लहान चालतो, टाकी ठेवा. मोटर लहान असली तरी हौद भरलेला असला म्हणजे झालं." शेतकऱ्याला हौदाचा दाखला दिला की तो काय बोलणार? दहा लिटरची टाकी चेसीला लावली, बारीकसा कंप्रेसर बॉनेटखाली.

मे महिन्यात सगळे मुडावदला गेलो, तापी-पांझरेच्या संगमावर. वाळूत घालण्याआधी चारही चाकं १८ पीएसआयवर आणली. जीप कुठेच रुतली नाही. परत डांबरीवर आल्यावर हवा भरायला घेतली. पहिलं चाक मिनिटभरात ३२. मेहुण्याने मिशीवर हात फिरवला. दुसऱ्या चाकाला काटा २० वर येऊन जो बसला, तो बसला. मग नुसता कंप्रेसर घरघरत राहिला, तिसऱ्या चाकाला तापून आपोआप बंद. कंप्रेसरच्या हेडवरून, म्हणजे गरम हवा बाहेर पडते त्या डोक्यावरून, निघालेला रबरी पाइप जोडाशी मऊ पडून फुगला होता. डोक्यावर ऊन, बाभळीची तेवढी सावली. सासूबाई गाडीतून म्हणाल्या, "तुना हौद आटी गया का रे भो?"

घरी येऊन वहीवर हिशोब मांडला. २३५/७५ आर १५ टायरच्या पोटात साधारण ६० लिटर जागा. १८ चे ३२ करायला जवळपास ५७ लिटर मोकळी (बाहेरच्या दाबाची) हवा लागते. दहा लिटरची टाकी १२० पीएसआयवरून ३२ ला उतरताना देते ६० लिटर. म्हणजे एक चाक! मेहुणा अजून म्हणतो, वीस लिटरची घ्यायला हवी होती. घेतली असती तर दोन चाकं भरली असती, जीपला चार असतात.

पैसे कंप्रेसरवर घाला. मिनिटाला ७० लिटरच्या आसपासचा घ्या, पण त्याआधी ड्युटी सायकल, म्हणजे एकूण वेळातला किती वेळ तो चालू ठेवता येतो, ते वाचा. ३३ टक्के लिहिलं असेल तर दहा मिनिटं चालवून वीस मिनिटं विश्रांती, आणि आपल्याकडच्या ४४-४५ डिग्रीत तेवढंही धरू नका. वायर थेट बॅटरीवरून, फ्यूज बॅटरीलगत, मध्ये रिले, म्हणजे जास्त करंट पेलणारा स्विच. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर हा लोड टाकाल तर फ्यूजच बदलत बसाल. हेडवरून निघणारा पाइप स्टीलच्या जाळीचाच. हवा ओढायचा फिल्टर उंचावर ठेवा, आपली धूळ तुम्हाला माहीत आहे.

आता, टँक अगदीच फालतू असंही नाही. रिमवरून उतरलेला टायर परत बसवायला एकदम धक्क्याने हवा लागते, तिथे टाकीच कामाची. एअर लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं, हवेवर चालणारं लॉक) असेल, किंवा एअर फिल्टर झटकायचा असेल, तरी दहा लिटर पुरे. ड्रेन कॉक, म्हणजे पाणी काढायची तोटी, सगळ्यात खाली यायला हवा, नाहीतर आत पाणी साचून टाकी गंजते. पीव्हीसी पाइपची टाकी कोणी करून देतो म्हटलं तर पायाच पडा त्याच्या, पण घेऊ नका. फुटली तर तुकडे उडतात. मेहुण्याने माझ्यासाठी आग विझवायचा जुना सिलेंडरही टाकी म्हणून काढून ठेवला होता, तो मी परत पाठवला.

थारमध्ये नेमकी जागा कुठे, ते थारवाल्याला विचारा. सायलेन्सरपासून लांब ठेवा, एवढं मी सांगू शकतो.