इंग्लंडहून गोव्यात परत आलेली मुलगी सतत 'तिकडे असं होतं' म्हणते, काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन महिन्यांपूर्वी तुम्ही स्विंडन सोडून फोंड्याला कायमचं राहायला आलात. नऊ वर्षांची मुलगी उठता-बसता तिकडची आणि इथली तुलना करते. त्यामुळे आजी दुखावते आणि शाळेतूनही 'उलट बोलते' अशी तक्रार आली आहे. तिची ही सवय कशी मोडायची?

माझं मत: मोडू नका. तुलना नेमकी कशी करायची ते तिला शिकवा. नवीन जागा समजून घ्यायला या वयाच्या मुलाकडे दुसरं साधनच नसतं. एक जग तिने पाहिलेलं आहे, दुसरं ती त्याच्याशीच ताडून बघणार. बिघडतं ते दोन कारणांनी. तिची तुलना 'छान' आणि 'घाण' या दोन शब्दांवर अडते, आणि घरातली मोठी माणसं लगेच कुठल्या तरी एका देशाची वकिली करू लागतात. आई म्हणते, 'इथे आंबे मिळतात ना!' आजी म्हणते, 'तिकडे तुला कोण विचारत होतं?' मग मूल एकतर हट्टाने तिकडची बाजू घेतं, नाहीतर बोलणंच थांबवतं. गप्प झालेलं मूल रुळलं असं अनेक घरांत समजतात, पण ती जास्त काळजीची गोष्ट आहे.

एक शंभर पानी वही आणा. डाव्या पानावर तिकडचं, उजव्या पानावर इथलं, आणि खाली एक ओळ: 'असं का?' नियम एवढाच की 'मस्त', 'बोअर', 'घाण' हे शब्द वहीत नकोत. त्याऐवजी आकडा, वेळ, नाव किंवा चित्र हवं. भाषा तिला हवी ती, शुद्धलेखन तपासायचं नाही. आठवड्याला दोन नोंदी पुरेत. रोज लिहायला लावलंत तर तो गृहपाठ होतो आणि पंधरवड्यात वही कोपऱ्यात जाते.

सुरुवात हवामानापासून करा, कारण त्यात कुणाचा अपमान होत नाही. स्विंडनला डिसेंबरात दिवस आठ तासांहूनही थोडा लहान असतो आणि चारच्या सुमारास सूर्य मावळतो. जूनमध्ये तिथे रात्री नऊनंतरही उजेड असतो. फोंड्यात सर्वांत लहान दिवस सुमारे सव्वाअकरा तासांचा, सर्वांत मोठा तेराच्या आसपास. 'इथे इतक्या लवकर काळोख का होतो?' ही जूनमधली तक्रार म्हणून अगदी खरी आहे. तिला चेंडू आणि विजेरी द्या. चेंडूवर दोन ठिपके काढा, एक मध्यरेषेच्या जरा वर, दुसरा वरच्या टोकाकडे अर्ध्याहून पुढे. चेंडूचं वरचं टोक विजेरीकडे थोडं कलतं धरून तो फिरवला की वरचा ठिपका उजेडात जास्त वेळ राहतो हे तिचं तिलाच दिसतं. चेंडू सरळ धरला तर दोन्ही ठिपके सारखेच उजेडात राहतात आणि प्रयोग फसतो. कल महत्त्वाचा, तो साडेतेवीस अंशांचा.

पावसाचंही तसंच. 'तिकडे रोज पाऊस पडायचा' आणि 'इथला पाऊस थांबतच नाही' ही तिची दोन्ही वाक्यं बरोबर आहेत. तिकडे पाऊस बाराही महिने थोडा थोडा पडतो. पणजीत वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पडतो, फोंड्याकडे त्याहून जास्त, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सरळ बाजूंची काचेची बरणी घ्या, बाहेरून फूटपट्टी चिकटवा आणि बरणी उघड्यावर ठेवा. रोज सकाळी साडेआठला पाणी मोजा, हवामान खातंही त्याच वेळी मोजतं. पागोळ्यांखाली किंवा माडाखाली बरणी ठेवू नका. निमुळत्या गळ्याची बाटलीही चालत नाही, तिच्यात उंची चुकीची दिसते. जुलैतल्या एखाद्या दिवशी १०० मिलिमीटर भरले की तेवढा पाऊस पडायला स्विंडनला महिन्याहून जास्त वेळ लागतो हे तिला सांगा. त्या दिवशी कुणीही न शिकवता ती इथल्या पावसाबद्दल मान राखून बोलेल.

आता शाळा, कारण खरी बोच तिथे असते. इंग्लंडमध्ये पहिलीचं वर्ष मूल पाच वर्षांचं असताना सुरू होतं, आपल्याकडे सहा वर्षांचं असताना. त्यामुळे तिथल्या 'यिअर फाइव्ह'मधली मुलगी इथे चौथीत बसते आणि आपल्याला एक वर्ष मागे ढकललं असं तिला वाटतं. हे तिला कुणी समजावून सांगितलं आहे का, ते आधी बघा. दुसरी गोष्ट गुणांची. तिथल्या प्राथमिक शाळेच्या प्रगतिपत्रकात बहुधा 'अपेक्षित पातळी गाठली', 'त्याहून पुढे' असे शेरे असतात. वीसपैकी चौदा हे तिला नापास झाल्यासारखं वाटू शकतं. पेपर घरी आला की चुकलेल्या सहा गुणांतले दोन-तीन कशामुळे गेले ते तिच्यासोबत बघा आणि विषय संपवा.

गणितात फार अडचण येऊ नये. इंग्लंडच्या सरकारी शाळांत 'यिअर फोर'च्या शेवटी पाढ्यांची संगणकावर चाचणी होते: पंचवीस प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद, बारा बारेपर्यंत. म्हणजे पाढे तिला येत असणार. अडेल ती मोठ्या संख्यांच्या स्वल्पविरामात. ती 100,000 लिहील, इथे १,००,००० लागतं. लाख ही कल्पनाच तिच्याकडे नाही. किराणा, घरभाडं, गाडीची किंमत असे खरे आकडे तिच्याकडून वाचून घ्या, आठवड्यात जमतं. गुणाकार ती चौकटी पाडून करत असेल आणि टीचर उभी मांडणी मागत असतील, तर ती चूक नाही, पद्धत वेगळी आहे. हे वाक्य टीचरनी तिला वर्गात सांगितलं तर घरी दहादा समजावण्यापेक्षा जास्त उपयोग होईल.

'उलट बोलते' या तक्रारीचा उगमही बहुधा इथेच आहे. तिथे 'पण असं का?' विचारणं ही शाबासकीची गोष्ट असते. इथे साठ-सत्तर डोळ्यांसमोर तोच प्रश्न आव्हानासारखा ऐकू येतो. वर्गशिक्षिकेला दहा मिनिटं भेटा आणि एकच विनंती करा: प्रश्न तास संपल्यावर विचारायची मुभा द्या. मुलीला एक वाक्य शिकवा: 'टीचर, मला हे समजलं नाही, नंतर विचारू का?' त्याऐवजी तक्रारींची यादी घेऊन गेलात तर मूल 'परदेशातली' म्हणून कायमचं वेगळं पडतं.

आता भाषा. मराठी, कोकणी, पुढे हिंदी या तिन्ही भाषा इथल्या शाळेत देवनागरीतच शिकवतात, तेव्हा लिपीची मेहनत एकदाच आहे. अ-आ-इ पासून क्रमाने नका जाऊ. सारख्या वळणाची अक्षरं एकत्र घ्या: ग, म, न, र, स, ख, व, ब, क, ट, ठ, ढ, द. रोज पंधरा मिनिटं, आठवड्याला एक मात्रा. लिहिण्याआधी कान तयार करा. इंग्रजीतला 'टी' ना धड त ना धड ट, आणि क-ख या फरकाने तिथे शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून 'ताक' आणि 'टाक', 'करा' आणि 'खरा' तिला सारखेच ऐकू येऊ शकतात. डोळे मिटून कुठला शब्द ते ओळखायचा खेळ रोज पाच मिनिटं घ्या. कानाला फरक कळत नसताना लिहून घेतलंत तर ती पाठ करून लिहील, आणि श्रुतलेखनात सगळं कोसळेल.

तरीही मैत्री मराठीच्या पुस्तकातून होत नाही. फोंड्यात मैदानावर बहुतेक मुलं कोकणीत खेळतात. 'यो' (ये), 'वच' (जा), 'राव' (थांब), 'धर', 'म्हाका दी' (मला दे) असे वीस-पंचवीस शब्द तिला आधी द्या. एकटं पडल्याचं दुःख मुलं बरेचदा देशावर काढतात, आणि एक मैत्रीण मिळाली की 'इंग्लंडच बरं' म्हणणं आपसूक कमी होतं.

आजीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्या घरात एक दुर्मीळ सोय आहे आणि ती वापरली जात नाही असं मला वाटतं. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता. आज सत्तरीत असलेल्या गोवेकराने गाव न सोडता राज्य बदललेलं पाहिलं आहे. पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या काही वर्षांत इथे एस्कुदो चालत. मुक्तीनंतर रुपये आले, टपालाची तिकिटं बदलली, शाळेतली भाषा बदलली. पत्रादेवीपलीकडे बांद्याला जायचं तर ती हद्द होती. 'आधी असं होतं, मग तसं झालं' हे तुमच्या मुलीचं वाक्य आजीच्या पिढीलाही बोलता येतं. तिच्या आजीचं वय तेवढं नसेल तर शेजारपाजारी कुणीतरी असेलच.

मुलीला पाच प्रश्न लिहून द्या. लहानपणी दुकानात काय मिळायचं? शाळेत कुठली भाषा होती? १९६१ साली भारतीय सैन्य आलं त्या दिवशी घरात काय चाललं होतं? नंतर कुठली गोष्ट मिळेनाशी झाली? कुठली नव्याने मिळू लागली? एका बैठकीत दोनच प्रश्न, आणि उत्तर त्याच वहीत. चौथा प्रश्न वगळू नका. राज्य बदलल्याचा आनंद असूनही माणसाला एखादी जुनी वस्तू आठवत राहते, हे आजीच्या तोंडून ऐकलं की स्विंडनची आठवण येणं हा गुन्हा नाही हे मुलीला कळतं. आजीलाही नातीच्या बोलण्यात टोमणा ऐकू येईनासा होतो. दरम्यान आजीला सांगा की 'तिकडे बरं होतं' ऐकल्यावर उत्तर न देता 'तिकडे काय करायचीस तू?' एवढंच विचारायचं.

सणांत तर तिला दोन्हीकडचं जुळवायला खूप सापडेल. इंग्लंडमध्ये ५ नोव्हेंबरला शेकोट्या पेटतात, त्यावर गाय फॉक्सचा पुतळा जाळायची रीत आहे, कारण १६०५ साली पार्लमेंट उडवून द्यायचा कट फसला. आपल्याकडे नरकचतुर्दशीला पहाटे नरकासुर जाळतात. एकीकडे घडलेला इतिहास, दुसरीकडे पुराणकथा, आणि दोन्हीकडे पुतळा आगीत जातो. चवथीला गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची माटोळी बांधताना कुठलं रानफळ कुठून आलं याची यादी तिच्याकडे सोपवा. बघ्या मुलीपेक्षा काम असलेली मुलगी लवकर रमते.

काही तक्रारी मात्र मान्यच कराव्या लागतात. तिकडे फूटपाथ होता, झेब्रावर गाड्या थांबत होत्या, कोपऱ्यावर झोपाळ्यांची बाग होती. इथे ती एकटी दुकानात जाऊ शकत नाही. 'हो, हे तिकडे बरं होतं' असं सरळ म्हणा आणि जमेल तेवढं भरून काढा: आवारातली सायकल, आठवड्यातून दोनदा मैदान. रस्त्यावरच्या कुत्र्यांचा नियम पहिल्याच आठवड्यात शिकवायचा असतो. पळायचं नाही, स्थिर उभं राहायचं, डोळ्यांत बघायचं नाही. चावलं किंवा ओरखडलं तर लपवायचं नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात लस घ्यायला जायचं. ओरडा मिळेल या भीतीने मुलं लपवतात, धोका तिथेच आहे.

तिकडच्या मैत्रिणींशी बोलणं तोडू नका. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत गोवा साडेचार तास पुढे असतो, एरवी साडेपाच. शाळा सुटल्यावर त्यांनी फोन केला तर इथे रात्रीचे आठ-नऊ वाजतात आणि दोघी दमलेल्या असतात. शनिवारी दुपारी बोलणं बरं. नुसतं समोरासमोर बसवलं तर पाच मिनिटांत विषय संपतो, म्हणून दोघींनी एकच चित्र काढायचं किंवा एकच पुस्तक वाचायचं असं काहीतरी ठरवा. काही महिन्यांनी फोन कमी होतील, आणि ते स्वाभाविक आहे.

'मी कुठली?' आणि 'आपण परत जाणार का?' हे दोन प्रश्न येतीलच. आधी कागद काय म्हणतात ते तुम्ही नीट बघून घ्या. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. तिचा पासपोर्ट ब्रिटिश किंवा पोर्तुगीज असेल तर ओसीआय कार्डावर (भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड) ती इथे हवं तितकं राहू आणि शिकू शकते, मोठेपणी मतदान करू शकत नाही, शेतजमीन विकत घेऊ शकत नाही. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर कार्ड मिळालेल्या ओसीआयधारकांना नीट, जेईई यांसारख्या परीक्षांत अनिवासी भारतीयांच्या रांगेत धरतात, हे आत्ताच माहीत असलेलं बरं. वीस वर्षांची होईपर्यंत पासपोर्ट नवा झाला की तो आणि नवा फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवायचा असतो. ते राहून गेलं की प्रवासाच्या वेळी धावपळ होते. तुम्ही ब्रिटनमध्ये ब्रेक्झिटनंतरच्या 'सेटल्ड स्टेटस'वर, म्हणजे युरोपीय पासपोर्टवाल्यांना मिळालेल्या कायम राहायच्या परवान्यावर होता का? मग सलग पाच वर्षं बाहेर राहिल्यास ते जातं, म्हणजे 'बघू पुढे' याला प्रत्यक्षात तारीख आहे. मुलीला तारखा सांगायची गरज नाही, पण खोटंही बोलू नका. 'आता इथे राहायचं ठरवलं आहे, बदललं तर तुला आधी सांगू' एवढं सांगा आणि तो शब्द पाळा.

तुलना वर्षभर चालली तरी हरकत नाही. झोप उडणं, शाळेच्या दिवशी पोट दुखणं, आवडीचं खाणंही टाळणं, कुणाशीच न खेळणं, यातलं काही महिनाभर टिकलं तर आधी बालरोगतज्ज्ञांकडे जा. गोव्यात अनेक शाळांना गोवा शिक्षण विकास महामंडळातर्फे समुपदेशक मिळतात. एकच समुपदेशक बरेचदा अनेक शाळा सांभाळतो, म्हणून तुमच्या शाळेत कुठल्या वारी येतात ते मुख्याध्यापकांना विचारून वेळ ठरवून घ्या, आणि जाताना तिची ती वही सोबत न्या, तिची परवानगी घेऊन.